टॉल्स्टॉय फार्म

दक्षिण आफ्रिकेतील एक इतिहासप्रसिद्ध, आता नामशेष झालेली शेतवाडी. ती जोहॅनिसबर्गच्या नैर्ऋत्येस सु. ३४ किमी.वर, लॉली रेल्वेस्थानकापासून मैलभर अंतरावर होती. क्षेत्र सु. १,१०० एकर. ट्रान्सव्हालमधील आशियाई नोंदणी कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांच्या कुटुंबांना दरमहा रोख मदत पुरवणे अवघड होऊ लागले, तेव्हा गांधीजींचे मित्र, वास्तुविशारद हर्मान कालेनबाख यांनी ही जमीन विकत घेतली आणि ३० मे १९१० रोजी, लढा चालेल तोवर बिनभाड्याने, सत्याग्रहींच्या हवाली केली.

टेकडीच्या पायथ्याशी पाच-सहा माणसांपुरते एक लहान घर, दोन विहिरी, एक झरा आणि संत्री, जर्दाळू, आलुबुखार यांची हजाराच्या आसपास झाडे एवढेच तेथे आधीपासून होते. बाकीची घरे रहिवाशांनी लाकूड आणि पन्हळी पत्रे वापरून उभी केली : स्त्रियांचे व पुरुषांचे वेगवेगळे निवास, कालेनबाख यांचे घर, शाळा आणि सुतारकाम व चपला बनवण्याचे काम चालणारी कार्यशाळा. घरे होईपर्यंत सगळे तंबूत राहिले. वस्तीत सु. ४० तरुण, काही वृद्ध, पाच स्त्रिया व २०–३० मुले होती. गुजराती, तमिळ, तेलुगू, हिंदी अशा चार भाषा तेथे बोलल्या जात. दारू-तंबाखूला पूर्ण मज्जाव होता.

मराठी वाचकाला हे ठिकाण विशेष जवळचे वाटावे ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामुळे. १९१२च्या दौऱ्यात ते येथे मुक्कामाला आले. त्या दिवशी पाऊस होता. प्रकृती नाजूक असूनही स्थानकापासून ते चालत आले आणि त्यांना सर्दी झाली. त्यांना कालेनबाख यांच्या खोलीत उतरवले होते; भोजनगृह दूर असल्याने तेथपर्यंत जेवण पोहोचेतो गार होई. गोखल्यांनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. येथे सारेच जमिनीवर झोपतात हे कळताच त्यांनी आपल्यासाठी मुद्दाम आणलेली खाट बाजूला करवली आणि अंथरूण खाली घालून घेतले. त्यांना दिलेल्या या त्रासाची खंत गांधीजींना पुढे कायम राहिली. आपल्या दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात त्यांनी ती सविस्तर नोंदवली आहे. फार्मच्या अंतरंगाचे याहून जिवंत वर्णन दुसरे नाही.

१९१३च्या आरंभी वस्ती मोडली व गांधीजी नाताळमधील फिनिक्स येथे गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नाताळच्या खाणकामगारांना घेऊन ते ट्रान्सव्हालमध्ये शिरले, तेव्हा मोर्चाचा शेवटचा टप्पा म्हणून हाच फार्म ठरला होता. पण मोर्चेकऱ्यांना वाटेतच बाल्फर येथे अटक करून आगगाडीने परत पाठवण्यात आले.

पुढे येथील घरांची देखभाल झाली नाही. पत्रे, लाकूड, जे काढून नेता येण्याजोगे होते ते चोरीला गेले आणि गांधीजींच्या घराचे फक्त जोते उरले. एवढ्या महत्त्वाच्या वास्तूचे संरक्षण वेळीच व्हायला हवे होते. अलीकडे स्थानिक कार्यकर्त्यांच्या प्रयत्नाने परिसराची साफसफाई होऊन फळझाडांची नव्याने लागवड झाली आहे, तसेच गांधीजी व नेल्सन मंडेला यांचे अर्धपुतळे बसवण्यात आले आहेत.