छातीतला डाग आणि रक्तातली खूण

सातारा जिल्ह्यातले पाचगणी आणि सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी ही दोन्ही ठिकाणे एके काळी क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांसाठी ओळखली जात. औषधे येण्यापूर्वी मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच क्षयावरचा उपचार होता. पुढे औषधे आली, पण क्षय गेला नाही. त्यामुळे आजही खोकला, घटलेले वजन आणि क्ष-किरण चित्रात फुप्फुसावर डाग दिसला, की पहिला संशय क्षयाचाच येतो. तो पुष्कळदा खराही ठरतो. मात्र फुप्फुसाच्या कर्करोगाची लक्षणेही अशीच असतात, आणि गफलत होते ती इथे.

सांगलीकडच्या माझ्या एका काकांनी २००१ साली चार महिने क्षयाच्या गोळ्या घेतल्या. अखेर सुईने डागाचा तुकडा काढून तपासला, तेव्हा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. मी तेव्हा एम.एस्सी.ला होतो. ‘एवढं रगत काढून नेलं, त्यात कसं न्हाई गावलं?’ असे त्यांनी मला विचारले. मला उत्तर देता आले नाही.

रक्तात कर्करोगाची खूण सापडेल, अशी मोठी आशा १९६५ साली निर्माण झाली. कॅनडातील माँट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या कर्कगाठींत एक प्रथिन आढळले. ते गर्भाच्या आतड्यातही होते, निरोगी प्रौढाच्या आतड्यात मात्र आढळले नव्हते. त्याला सीईए म्हणतात. ते रक्तात मोजता आले की कर्करोग सापडलाच, असे वाटू लागले. पण मोजमापे वाढली तशी अडचण दिसली. सीईए फुप्फुसाच्या कर्करोगात वाढते, यकृताच्या काही आजारांतही वाढते, आणि कर्करोग नसलेल्या विडी-सिगारेट ओढणाऱ्यांतही ते इतरांपेक्षा जास्त असते. म्हणजे ज्यांची तपासणी सर्वांत गरजेची, त्यांच्यातच ते फसवे!

वर्गात एक आकडेमोड करून पाहावी. एक लाख लोकांत १० जणांना हा कर्करोग आहे असे धरू. चाचणी रुग्णांत आणि निरोगी माणसांत सारखीच, ९० टक्के वेळा बरोबर उत्तर देते असेही धरू. १० पैकी ९ रुग्ण सापडतील. पण उरलेल्या ९९,९९० निरोगी माणसांपैकी ९,९९९ जणांनाही ‘कर्करोग असावा’ असेच उत्तर मिळेल. नऊ जणांसाठी दहा हजारांची झोप उडणार! क्षयाच्या बाबतीतही रक्ताने आपल्याला फसवले आहे. प्रतिपिंडांवरून क्षय ओळखणाऱ्या रक्तचाचण्या आपल्याकडे विकल्या जात. त्यांची उत्तरे दोन्ही बाजूंनी चुकत. २०१२ साली भारत सरकारला त्यांवर बंदी घालावी लागली.

दुसरी वाट १९४८ सालीच उघडली होती. फ्रान्समधील मांदेल आणि मेते यांना रक्तद्रवात, पेशींच्या बाहेर, मोकळी फिरणारी न्यूक्लिइक आम्ले आढळली. डीएनएची रचना उलगडायला तेव्हा पाच वर्षे होती. फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९७७ साली अनेक कर्करुग्णांच्या रक्तात असा डीएनए अधिक असल्याचे दिसले. पण निरोगी पेशीही मरतात आणि त्यांचाही डीएनए रक्तात येतो. गाठीचाच म्हणून ओळखू येईल असा बदल हवा होता. फुप्फुसाच्या कर्करोगात असा उपयोगी बदल २००४ साली हाती आला. काही रुग्णांच्या गाठींत ईजीएफआर या जनुकात ठरावीक बदल असतात, आणि त्यांना विशिष्ट गोळ्या लागू पडतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील संशोधकांनी २०१३ साली ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारच्या ९०७ भारतीय रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. २३ टक्के रुग्णांत हे बदल होते. ते रक्तातून शोधणाऱ्या चाचणीला २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

कर्करोग आहे की नाही, हे ही चाचणी सांगत नाही. तो ठरलेल्या रुग्णाला कोणते औषध द्यावे, एवढेच सांगते. बदल सापडला तर पुन्हा सुई घालणे टळू शकते. सापडला नाही तर तुकडा तपासावाच लागतो, कारण काही गाठी रक्तात फार थोडा डीएनए सोडतात. डाग क्षयाचा की कर्करोगाचा, हे अजूनही थुंकीची तपासणी, सीटी स्कॅन आणि तो तुकडा यांवरूनच ठरवतात.

काकांच्या रक्ताच्या नळीत गाठीच्या डीएनएचे तुकडे असतीलही. त्यांत कोणता बदल शोधायचा, हे कळायला अजून तीन वर्षे होती.