हातातले यंत्र आणि तिसरी तार

जिल्ह्यातल्या एका शाळेत कार्यानुभवाच्या खोलीत आम्ही एक ड्रिल पाहिले. धातूच्या आवरणाचे, जुने पण चालू. त्याच्या केबलमधली हिरवी तार कापून टाकली होती आणि टोकाला दोन पिनांचा प्लग जोडला होता. कारण विचारले, तर उत्तर साधे होते : भिंतीतल्या सॉकेटला भोकेच दोन! ड्रिल फिरत होते, म्हणून कापलेली तार कुणाला आठवत नव्हती. ती तार कशासाठी होती, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागेल.

१९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. त्याच्या मदतीने देशात प्रायोगिक अशा पाच वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. त्यांतली महाराष्ट्रातली संस्था म्हणजे अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. उसाच्या या पट्ट्यात तिने सुमारे चार दशके वीज पुरवली. २०११ मध्ये हे काम महावितरणकडे गेले. विजेबरोबर विहिरीवर मोटर आली, पिठाची गिरणी आली, कडबाकुट्टी आली आणि सुतार-लोहारांच्या हाती ड्रिल व ग्राइंडरही आले. यांतली शेवटची दोन वेगळी आहेत. मोटर जमिनीवर बसवलेली असते. ड्रिल आपण मुठीत धरतो.

हाती धरायचे विजेचे ड्रिल १८९५ मध्ये जर्मनीत, श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने बनवले. ते जड होते, दोन्ही हातांनी पेलावे लागे. पुढे अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर यांनी त्याला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका दिला. त्याचे पेटंट १९१७ चे आहे. बोट सोडले की यंत्र थांबते. मोठी सोय, आणि सुरक्षितताही.

पण आतली तार झिजून धातूच्या आवरणाला टेकली तर? मग वीज हातातून शरीरात शिरते, स्नायू आखडतात आणि मूठ अधिकच आवळली जाते. ज्या खटक्यावरून बोट काढायचे, तोच घट्ट दाबलेला राहतो. अमेरिकेतील प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी १९४० च्या दशकात स्वयंसेवकांवर प्रयोग करून, हात सोडवता येण्याची मर्यादा मोजली. ती पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत सुमारे १०.५ मिलिअँपिअर भरली.

आता वर्गात हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. ओल्या हाताच्या, अनवाणी माणसाच्या शरीराचा रोध १००० ओहम धरू. २३० व्होल्टला धारा होते २३० मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडवायला ती पुरेशी आहे. पण ५ अँपिअरचा फ्यूज, म्हणजे ५००० मिलिअँपिअरचा, तिची दखलही घेत नाही. फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे.

म्हणून तिसरी, भूसंपर्काची तार. आवरणात वीज उतरली की ती या तारेने जमिनीत जाते. खड्ड्याचा रोध ५ ओहम असेल तर धारा ४६ अँपिअर होते आणि फ्यूज उडतो. पण आपला जिल्हा अवर्षणाचा. कोळसा-मीठ घालून केलेला खड्डा उन्हाळ्यात पाण्यावाचून वाळतो. रोध ५० ओहम झाला, की धारा ४.६ अँपिअर. फ्यूज शाबूत आणि आवरणही ‘जिवंत’! म्हणजे तार जोडलेली असूनही धोका उरतोच.

यावर दोन उपाय निघाले. एक, दुहेरी विद्युतरोधन : आतल्या रोधनावर आणखी एक रोधन, बहुधा प्लास्टिकचे आवरण. अशा यंत्रावर चौकोनात चौकोन ही खूण असते. त्याला दोन पिनांचा प्लग चालतो, पण पाण्यात ते वापरू नये. दुसरा, जाणारी आणि परतणारी धारा यांची सतत तुलना करणारे स्वयंचलित बटन. डाल्झिएल यांनी १९६१ मध्ये असे उपकरण केले. बाजारात ‘आरसीसीबी’ म्हणून मिळणारे ३० मिलिअँपिअरचे बटन तेवढा फरक पडला की सेकंदाच्या अंशात वीज तोडते. जमीन कोरडी असली तरी माणसातून जाणारी धारा त्याला ‘दिसते’. मात्र दोन्ही तारांना एकदम हात लागला, तर त्याला फरक दिसत नाही. म्हणून बेफिकिरी नको.

त्या शाळेत आम्ही काय सुचवले? वायरमनकडून तीन पिनांचे सॉकेट आणि आरसीसीबी बसवून घ्या, त्यावरचे चाचणीचे बटन दर महिन्याला दाबून पाहा, उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी घाला, आणि ड्रिलचे पाते बदलण्याआधी प्लग काढा. हिरवी तार कापलेले ड्रिल मात्र दुरुस्त होईपर्यंत कपाटात कुलूपबंद ठेवा. यंत्र चालते एवढ्यावरून ते सुरक्षित आहे, असे ठरत नाही.