ब्रिटनमधील एआर रायफल : बफर, दस्ता आणि कायदा

अमेरिकेत नेमबाजीचा छंद जडलेला मराठी अभियंता नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये येतो, तेव्हा बफरविषयीचे त्याचे निम्मे ज्ञान निरुपयोगी ठरते.

अर्धस्वयंचलित एआर-१५ मध्ये नळीच्या छिद्रातून आलेला वायू बोल्ट कॅरियरला मागे ढकलतो. दस्त्याच्या नळकांड्यातील बफर व स्प्रिंग तो धक्का झेलून कॅरियरला पुढे धाडतात. कार्बाइनमध्ये हे छिद्र काडतुसाच्या घराला जवळ, म्हणून तेथे दाब अधिक. तो आवरण्यासाठी जड बफर वापरले जातात. साधा कार्बाइन बफर सुमारे ८५ ग्रॅमचा, तर लांब दस्त्यातील रायफल बफर सुमारे १४५ ग्रॅमचा असतो.

ब्रिटनमध्ये या समीकरणातून वायूच वजा झाला आहे. १९८७ च्या हंगरफर्ड हत्याकांडानंतर १९८८ च्या कायद्याने .२२ रिमफायर वगळता स्वयंभरणी रायफलींवर बंदी घातली. पुढे वायूने केवळ रिकामे काडतूस बाहेर फेकणाऱ्या आणि पुढची गोळी चढवण्यासाठी कळ दाबावी लागणाऱ्या रायफली निघाल्या. ही पळवाट चतुर खरी. पण २०१९ च्या ऑफेन्सिव्ह वेपन्स ॲक्टने तीही बुजवली. उरली ती हाताने मागेपुढे ओढायची ‘स्ट्रेट-पुल’ रायफल.

येथे बफरच्या वजनाचे महत्त्व जवळजवळ संपते; स्प्रिंग मात्र नेमबाजालाच दाबावी लागत असल्याने ती मऊ असलेली बरी. लांबीचा नियम तसाच राहतो. लांब नळकांड्यात आखूड बफर घातला, तर कॅरियर मर्यादेपलीकडे जाऊन रिसीव्हरवर आदळतो. उलट केले, तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि पुढचे काडतूस उचलले जात नाही. दस्ता बदलताना नळकांडे, बफर आणि स्प्रिंग ही तिन्ही एकाच मापाची घ्यावीत.

बफर, स्प्रिंग व दस्ता २०१७ च्या कायद्यातील नियंत्रित भागांच्या व्याख्येत येत नाहीत. नळी, रिसीव्हर आणि बोल्ट येतात. त्यामुळे परदेशातून वायुछिद्राची नळी आणून बसवणे ही ‘सुधारणा’ नव्हे. निषिद्ध स्वयंभरणी रायफल बाळगल्यास, अपवादात्मक परिस्थिती वगळता, प्रौढास किमान पाच वर्षांचा कारावास होतो. एखादा भाग बदलण्याविषयी शंका असल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या पोलीस विभागाला आधी विचारावे.

.२२ स्वयंभरणी एआर प्रमाणपत्रावर मिळते. तिच्यात वायुनलिका नसते. काडतुसाच्या धक्क्यानेच बोल्ट मागे येतो आणि अनेक नमुन्यांत दस्त्यातला बफर हलतही नाही.