भुकेवरील अंमल

नाशिक जिल्ह्याचा नकाशा पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहत गेले असता प्रथम सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरी, त्र्यंबक, पेठ आणि सुरगाणा हे मुसळधार पावसाचे मुलूख लागतात, आणि तेथून फार अंतर न कापताच सिन्नर, येवला, नांदगाव या तालुक्यांची कोरडी जमीन सुरू होते, जेथे मृगाचा पाऊस हुकला की मामलेदार कचेरीत आणेवारीची चर्चा सुरू व्हावी हा पिढ्यानपिढ्यांचा शिरस्ता होता. याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर भूक मंदावणारी इंजेक्शने विकली जातात. ज्या भूमीत अन्नाची विवंचना हेच रयतेचे मुख्य दुःख होते, तेथे भुकेचाच बंदोबस्त करण्यासाठी औषध घ्यावे लागणे ही घटना नवी खरी. परंतु भुकेवर अंमल बसविण्याची इच्छा आणि तिच्यासाठी योजलेली द्रव्ये मात्र नवी नाहीत, आणि त्यांचा इतिहास ध्यानात घेतल्यावाचून आजच्या औषधांकडे नीट पाहता येणार नाही, अशी माझी धारणा आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायाचे नाव अपामार्गतण्डुलीय असे आहे. या अध्यायात नाना विकारांवर अठ्ठावीस प्रकारच्या यवागू, म्हणजे पातळ पेजा, सांगितल्या असून त्यांतील एक केवळ भूक नाहीशी करण्यासाठी आहे: अपामार्गाचे तांदूळ, म्हणजे त्याचे सोललेले बी, दुधात व घोरपडीच्या मांसरसात शिजवून ती सिद्ध करावयाची. अपामार्ग म्हणजे आपला आघाडा. पावसाळ्यात नाशिकच्या कोणत्याही बांधावर आणि पडक्या भिंतीच्या कडेला तो आपोआप उगवतो. श्रावणात मंगळागौरीच्या पत्रीत तो असतो आणि भाद्रपदात ऋषिपंचमीला त्याच्याच काडीने दात घासण्याची चाल आहे. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे धान्य वर्ज्य करून कंदमुळांची व परसातल्या भाज्यांची ऋषीची भाजी खातात. नांगरटीच्या अन्नावाचून एक दिवस काढण्याचे हे व्रत आणि भूक हरण करणारी ही वनस्पती एकाच सणात एकत्र यावीत, हा माझ्या मते निव्वळ योगायोग नसावा, जरी त्याला ग्रंथाधार दाखविता येत नाही. दीर्घ अनुष्ठान करणारे तपस्वी आघाड्याच्या बियांची खीर खाऊन दिवसचे दिवस अन्नावाचून राहत, ही समजूत साधूंच्या परंपरेत चालत आली आहे, आणि गोदावरीच्या तीरावर बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थामुळे तशी मंडळी या क्षेत्राला कधीच अपरिचित नव्हती.

तपस्व्याची भूक त्याने स्वतः ओढवून घेतलेली असते. दुष्काळाची भूक तशी नसते. १८७६-७७ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील जे जिल्हे होरपळले त्यांत नाशिकची गणना होती. त्या वेळी व्हाइसरॉयचे प्रतिनिधी म्हणून दौऱ्यावर निघालेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावर खपणाऱ्या धडधाकट पुरुषाला दररोज एक रत्तल धान्य व वर किरकोळ खर्चापुरते पैसे पुरेत असे ठरविले. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर खडी फोडणाऱ्या माणसाचे शरीर टिकणार नाही असा निकराचा आक्षेप घेतला. दख्खनमधील हजारो मजुरांनी घटविलेली मजुरी घेण्याचे नाकारून कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली. माणसाला जगण्यास किती अन्न लागते याची मोजदाद दप्तरी बसून करण्याचा तो या प्रांतातील एक क्रूर प्रयोग होता, आणि तेच टेंपल त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर होऊन आले, हे विसरता येत नाही. सन १९७२ च्या दुष्काळातील मिलो आणि सुकडी यांची चव तर आज साठी ओलांडलेल्या कित्येकांच्या जिभेवर अद्याप आहे.

अशा मुलखातील डोंगरउतारांवर माकडशिंग नावाची एक पर्णहीन, चौकोनी कांड्यांची रसाळ वनस्पती वाढते. गुराखी आणि रानोमाळ भटकणारे लोक तिची कांडी कच्चीच चघळतात, कारण तिने भूक व तहान काही काळ मारली जाते. दख्खनच्या पठारावर दक्षिणेकडे ती दुष्काळातील अन्न म्हणूनच प्रसिद्ध आहे. या कांड्यांचा अर्क घेऊन बंगळूरच्या संशोधकांनी पन्नास स्थूल व्यक्तींवर साठ दिवस केलेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात कंबरेचा घेर व भुकेची जाणीव कमी झाली, परंतु वजनात मात्र निःसंशय म्हणता येईल असा फरक पडला नाही. तरीही तो अर्क वजन घटविणाऱ्या कुप्यांतून परदेशी बाजारात पोचला. ज्याच्या घरी दाणा नव्हता त्याने शोधलेला उपाय ज्याच्या घरी दाण्याची ददात नाही त्याला विकला गेला, आणि शोधणाऱ्याच्या पदरात त्यातून काय पडले, हा प्रश्न मला अतिशय महत्त्वाचा वाटतो.

स्थूलतेविषयी चरकाने केलेले विवेचन तर भूक मारणाऱ्या त्या यवागूहूनही सूक्ष्म आहे. निंदित अशा आठ प्रकारच्या पुरुषांत अतिस्थूल व अतिकृश यांचा त्याने विशेष विचार केला आणि दोहोंत कृशता बरी असा निर्णय दिला, कारण रोग जडला तर तो स्थूलालाच अधिक पीडतो. मेदाने मार्ग रोधिले गेल्यामुळे वायू कोठ्यातच फिरतो, जठराग्नीला प्रदीप्त करतो आणि त्यामुळे स्थूल मनुष्याला पुनःपुन्हा तीव्र भूक लागते, असे त्याचे म्हणणे. म्हणजे अधिक खाणे हा येथे नुसता स्वभावदोष मानलेला नाही. ती भूक हेच रोगाचे एक लक्षण आहे. आपल्या समाजात लठ्ठ माणसाला हावरट म्हणून हिणविण्याची जी सर्रास रीत आहे, तिला या शास्त्राचा आधार नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. स्थूलतेवरील आहारयोजनाही तशीच मार्मिक: पचावयास जड, पण पोषण बेताचे. जव, सावा, कोद्रू, जोंधळा, मूग, कुळीथ ही धान्ये त्याने स्थूलासाठी नेमून दिली. पेठ-सुरगाण्याच्या उतारांवर आदिवासी शेतकरी नागली, वरई आणि कुळीथ ही याच जातीची धान्ये पिकवीत आला, आणि ती त्याच्या दारिद्र्याची खूण समजली गेली. पुढे नाशिक हे वरईची भगर सडण्याच्या गिरण्यांचे मोठे केंद्र झाले आणि एकादशीच्या उपवासाला घरोघरी लागणारी भगर येथून दूरदूर जाऊ लागली.

आधुनिक औषधांचा अध्याय याहून कितीतरी अल्पकाळचा आहे, पण त्यातील उलथापालथ मोठी. स्थूलता घालविण्याच्या जाहिराती पूर्वीपासून इतक्या बोकाळल्या होत्या की १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय यांसंबंधीच्या कायद्याने ज्या रोगांवर रामबाण इलाजाची जाहिरात करण्यास मनाई केली, त्यांच्या यादीत स्थूलताही घातली गेली. तिकडे अमेरिकेत अँफेटामीन हे उत्तेजक द्रव्य भूक मारते असे आढळल्यावर डॉक्टर ते मुक्तहस्ताने लिहून देऊ लागले आणि त्याचे व्यसन जडलेल्यांची संख्या वाढत गेली. १९६५ च्या सुमारास स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया व जर्मनीत विक्रीस आलेल्या अमिनोरेक्सने फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढवून कित्येकांचे प्राण घेतले आणि तीनच वर्षांत ते बंद झाले.

त्यानंतरची फेनफ्लुरामीनची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. मेंदूतील सेरोटोनिनच्या द्वारे तृप्तीची भावना उत्पन्न करणारे हे औषध १९९० नंतर फेंटरमीनच्या जोडीने अमेरिकेत लक्षावधी लोक घेऊ लागले. फार्गो नावाच्या, नाशिकहून पुष्कळ लहान अशा शहरात पॅमेला रफ ही बाई ध्वनिलहरींनी हृदयाची तपासणी करणारी तंत्रज्ञ होती. तरुण स्त्रियांच्या हृदयाच्या झडपांत एक विचित्र जाडपणा तिला पुनःपुन्हा दिसू लागला. तिने त्या रोग्यांचे जुने दाखले ताडून पाहिले आणि त्या सर्वजणी हीच वजनाची औषधे घेत असल्याचे तिच्या ध्यानी आले. ती मोठी प्राध्यापक नव्हती, संशोधनाचे अनुदानही तिच्याजवळ नव्हते. तिच्याजवळ होती ती नोंदी ठेवण्याची व त्या वाचण्याची सवय. फार्गो आणि मेयो क्लिनिक येथील डॉक्टरांनी मिळून चोवीस स्त्रियांची माहिती ऑगस्ट १९९७ मध्ये प्रसिद्ध केली आणि १५ सप्टेंबरला ते औषध अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले.

भारतातही ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत असे. १९४० च्या औषध कायद्यात १९८२ साली जे कलम २६-अ घालण्यात आले, त्याच्या अधिकारात केंद्र सरकारने ऑगस्ट १९९८ मध्ये फेनफ्लुरामीन व डेक्सफेनफ्लुरामीन यांवर बंदीचा हुकूम काढला. त्याच वर्षी जून महिन्यात नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली, आणि अॅलोपॅथी, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी या सर्व विद्याशाखांच्या परीक्षा तेथील म्हसरूळच्या एकाच आवारातून घेण्याची व्यवस्था लागली.

पुढील दशकात असेच फिरून फिरून घडले. रिमोनाबंट हे औषध युरोपात २००६ साली मोठ्या आशेने आले, पण मनाला खिन्नता व आत्मघाताचे विचार आणते असे दिसल्याने दोन वर्षांत तेथे थांबले. आपल्याकडे डिसेंबर २००९ मध्ये त्याला मनाई झाली. सिब्युट्रामीनमुळे हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढतो हे सुमारे दहा हजार रोग्यांच्या पाहणीतून निष्पन्न झाले, आणि फेब्रुवारी २०११ च्या जाहीरनाम्याने तेही बाद झाले. सर्दीच्या गोळ्यांतून घरोघरी पोचलेले आणि अमेरिकेत भूक मारण्यासाठी सर्रास विकले गेलेले फिनाइलप्रोपॅनोलामीन त्याच जाहीरनाम्यात होते. या सगळ्यांतून आजवर टिकलेल्यांत ऑर्लिस्टॅट आहे, आणि ते भुकेच्या वाटेला जातच नाही; ते फक्त आतड्यात चरबीचे शोषण अडविते.

आता आलेली औषधे निराळ्या मुळाची आहेत. अन्न पोटात गेल्यावर आतड्यातून जे एक संप्रेरक स्रवते आणि मेंदूला तृप्तीचा निरोप देते, त्याचे अनुकरण ती करतात. या संशोधनातील एक दुवा १९९२ साली जॉन इंग यांना अमेरिकेच्या वाळवंटातील गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात सापडला. चरकाच्या यवागूत घोरपडीचा रस असावा आणि हजारो वर्षांनी भूक शमविणाऱ्या औषधाचा धागा दुसऱ्या एका सरपटणाऱ्या प्राण्याच्या मुखात मिळावा, या साम्यावरून काहीही सिद्ध होत नाही, तरी ते वाचताना मन क्षणभर थबकते. या नव्या औषधांपैकी तिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या सर्वांत लहान मात्रेच्या कुपीची किंमत ३,५०० रुपये होती. वजनासाठीचे सेमाग्लुटाइड त्यामागून जूनमध्ये आले. यांचा गुण आधीच्या औषधांहून निश्चित मोठा आहे आणि ज्यांचे गुडघे, हृदय, यकृत स्थूलतेने जर्जर झाले आहेत त्यांना ती नाकारणे हा अन्याय होईल. पण सेमाग्लुटाइड थांबविल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत येतो असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले, म्हणजे एकदा सुरू केलेला उपचार पुष्कळांना वर्षानुवर्षे चालवावा लागणार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते आणि १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणाहून कृश होत्या. इगतपुरीपासून नांदगावपर्यंत एकाच जिल्ह्यात या दोन्ही स्त्रिया राहतात.

चिठ्ठीवाचून दुकानातून अशी इंजेक्शने देणाऱ्यांवर अन्न व औषध प्रशासनाने सक्त नजर ठेवावी, हे तर झालेच. परंतु त्याहून मोठे काम म्हसरूळच्या विद्यापीठाने अंगावर घ्यावे असे मला मनापासून वाटते. त्याच्याशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांच्या रुग्णालयांतून ज्या ज्या रोग्याला भूक मंदावणारे औषध सुरू होईल, त्याचे वजन, हृदय, स्नायूंचे बळ आणि मनःस्थिती यांची नोंद औषध चालू असताना व ते थांबल्यावरही दहा वर्षे एकाच नमुन्याच्या दप्तरात व्हावी; आघाडा आणि माकडशिंग देणाऱ्या वैद्यांच्या रोग्यांनाही त्याच दप्तरात जागा असावी; आणि ते वाचण्याची मुभा प्राध्यापकांइतकीच तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञांनाही असावी.