शाळेत न गेलेली मुलगी आणि संग्रहालयाचे दार

१/१३
लंडन, १८७० चे दशक. केन्सिंग्टनमधील एका सधन घराच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी एकटीच शिकते आहे. शाळा नाही, वर्ग नाही, मैत्रिणी नाहीत. ही बिअ‍ॅट्रिक्स पॉटर, 'पीटर रॅबिट'ची भावी जनक. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी आज अनेक संग्रहालये निसर्ग आणि चित्रकलेचे खास वर्ग घेतात. त्यामागची परंपरा समजून घेण्यासाठी तिची गोष्ट उपयोगी पडते.

२/१३
बिअ‍ॅट्रिक्सचा जन्म २८ जुलै १८६६ चा. धाकटा भाऊ बर्ट्रम यथावकाश निवासी शाळेत गेला. तिला मात्र घरी येणाऱ्या शिक्षिकांनीच शिकवले. यात आईवडिलांचा काही शैक्षणिक प्रयोग नव्हता. मुलगे शाळेत आणि मुली घरात, ही त्या वर्गाची रीतच होती. म्हणून तिचे गृहशिक्षण आजच्या अर्थाने निवडलेले नव्हते, वाट्याला आलेले होते.

३/१३
त्या अभ्यासिकेत ससे, उंदीर, वटवाघळे, बेडूक, सरडा असा परिवार नांदत असे. भावंडे त्यांची चित्रे काढत. एखादा प्राणी मेला की तो उकळून हाडे वेगळी करत आणि सांगाड्याची रचना अभ्यासत. उन्हाळ्यात कुटुंब स्कॉटलंडला आणि पुढे उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये जाई. तेथे रानच पाठ्यपुस्तक होई.

४/१३
लंडनमध्ये रानाची जागा संग्रहालयाने घेतली. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर साउथ केन्सिंग्टन म्युझियम होते. १८५१ च्या महाप्रदर्शनातून जन्मलेली ही संस्था १८५७ मध्ये त्या जागी सुरू झाली. कामकऱ्यांनाही येता यावे म्हणून ती संध्याकाळी गॅसच्या दिव्यांत उघडी ठेवत. वस्तू पाहून त्यांच्यापासून शिकावे, हा तिचा घोषित हेतू होता.

५/१३
जाता जाता एक नोंद. या संस्थेला 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' हे नाव १८९९ मध्ये मिळाले. मुंबईत भायखळ्याला १८७२ मध्ये खुले झालेले संग्रहालय तेव्हापासूनच त्या नावाने ओळखले जात होते. आज आपण त्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो. म्हणजे नावाच्या बाबतीत मुंबई लंडनच्या पुढे होती!

६/१३
१८८१ मध्ये शेजारीच नॅचरल हिस्टरी म्युझियम उघडले. आता एका इमारतीत कला, दुसरीत निसर्ग. बिअ‍ॅट्रिक्स कपाटांसमोर बसून कीटक आणि जीवाश्म रेखाटू लागली. कलासंग्रहालयात तिने अठराव्या शतकातील भरतकाम केलेले कपडेही बारकाईने उतरवले. १९०३ च्या 'द टेलर ऑफ ग्लॉस्टर' या पुस्तकात ते कपडे दिसतात.

७/१३
मग अळंब्यांचा नाद लागला. स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिन्टॉश हा ग्रामीण टपालवाला जाणता निसर्गअभ्यासक होता. १८९२ पासून तो त्यांना नमुने पाठवू लागला, बदल्यात बिअ‍ॅट्रिक्स त्याला चित्रे पाठवत. रीतसर पदवी दोघांकडेही नव्हती. चित्र रेखीव असणे पुरेसे नाही, वनस्पतीची ओळख पटवणारे अवयवही त्यात दिसले पाहिजेत, ही शिस्त या पत्रव्यवहारातून आली.

८/१३
पुढची पायरी होती ती बीजाणू रुजवून पाहण्याची. काका सर हेन्री रॉस्को हे नामवंत रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १८९६ मध्ये बिअ‍ॅट्रिक्स यांना क्यूच्या वनस्पती उद्यानातील तज्ज्ञांकडे नेले. तेथे स्वागत थंड झाले. तरीही त्यांनी घरीच बीजाणू रुजवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली वाढ टप्प्याटप्प्याने रेखाटली.

९/१३
१ एप्रिल १८९७. लिनियन सोसायटीपुढे त्यांचा निबंध मांडला गेला, पण मांडणारे होते क्यूचे जॉर्ज मॅसी. कारण स्त्रियांना त्या सभेत प्रवेशच नव्हता. पुढे निबंध मागे घेण्यात आला. आज त्याची प्रतही उपलब्ध नाही. संग्रहालयाच्या दारावर त्यांना कोणी पात्रता विचारली नव्हती; विद्वत्सभेच्या दारावर मात्र स्त्री असणे हीच अपात्रता ठरली.

१०/१३
त्याच काळात लेक डिस्ट्रिक्टमधील अ‍ॅम्बलसाइड गावी शार्लट मेसन (१८४२–१९२३) नावाच्या शिक्षणतज्ज्ञ घरच्या शिक्षणाला पद्धतशीर रूप देत होत्या. पॉटर त्यांच्या विद्यार्थिनी नव्हत्या. पण पॉटर यांच्या घरात जे योगायोगाने घडले, ते मेसन यांनी अभ्यासक्रमात आणले. १८८६ मध्ये त्यांचे 'होम एज्युकेशन' प्रसिद्ध झाले, तर १८९२ मध्ये शिक्षिका घडवणारी संस्था उभी राहिली. घरी शिकणाऱ्या मुलांना अभ्यासक्रम टपालाने जात असे.

११/१३
त्यात दोन गोष्टी ठळक होत्या. पहिली निसर्गवही: मुलाने बाहेर हिंडावे, पाहिलेले फूल किंवा पाखरू स्वतः रंगवावे, आणि मोठ्यांनी त्या वहीत दुरुस्त्या करू नयेत. दुसरी चित्रदर्शन: एका सत्रात एकाच चित्रकाराची मोजकी चित्रे घ्यायची. मुलाने चित्र शांतपणे पाहायचे, मग ते दृष्टीआड करायचे आणि आठवून वर्णन करायचे. आधी पाहणे, माहिती नंतर.

१२/१३
पण ही चैन फक्त शिक्षिका ठेवू शकणाऱ्या घरांसाठीच होती का? १९१४ मध्ये यॉर्कशायरमधील ड्रिगलिंग्टन या खाणगावच्या मुलींच्या शाळेने हीच पद्धत स्वीकारली. श्रीमंतांच्या अभ्यासिकेतले शिक्षण खाणकामगारांच्या मुलींपर्यंत पोहोचले. त्याआधी, डिसेंबर १८९९ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात खास मुलांसाठीचे जगातील पहिले संग्रहालय उघडले होते. मुलाला वस्तूच्या जवळ जाऊ द्यावे, हा विचार आता संस्थांच्या रचनेत उतरत होता.

१३/१३
अ‍ॅम्बलसाइडच्या आर्मिट संग्रहालयात पॉटर यांची अळंब्यांची शेकडो चित्रे आहेत. मेसन यांच्या संस्थेची कागदपत्रेही तेथेच जतन झाली आहेत. १९६७ मध्ये अळंब्यांच्या एका अभ्यासग्रंथात पॉटर यांची ५९ चित्रे छापली गेली. लिनियन सोसायटीने त्यांच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले ते १९९७ मध्ये, म्हणजे निबंधानंतर शंभर वर्षांनी. सभेने नाकारलेले काम तोवर एका छोट्या गावातील संग्रहालयाने सांभाळले होते. तुम्ही पुढच्या खेपेस संग्रहालयात जाल तेव्हा वही-पेन्सिल सोबत न्या. दहा दालने धावत पाहण्यापेक्षा एकाच वस्तूसमोर अर्धा तास बसा आणि ती रेखाटा. चित्र बिघडले तरी चालेल.