१०६६ : इतिहास ‘सुधारू’ पाहणारा भिक्षू

१/ इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नॉर्थम्ब्रियातील एका मठातून भिक्षूंच्या स्तोत्रपठणाचे सूर ऐकू येतात. आत मात्र भिक्षूंचा समुदाय नाही. आहे तो एकच भिक्षू आणि त्याचा ग्रामोफोन! वर्ष आहे १०६६. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेतील ‘द टाइम मेडलर’ ही चार भागांची कथा जुलै १९६५मध्ये प्रसारित झाली. हे रहस्य त्या कथेतले.

२/ ही मालिका नोव्हेंबर १९६३मध्ये सुरू झाली. मुलांना मनोरंजनातून इतिहास आणि विज्ञान या दोहोंची गोडी लागावी, हा तिचा मूळ हेतू होता. म्हणूनच डॉक्टर या कालप्रवाशासोबत इतिहासाची एक शिक्षिका आणि विज्ञानाचा एक शिक्षक अशी जोडी दिली होती. आरंभीच्या ऐतिहासिक कथांत डॉक्टरचे कालयान सोडले तर अद्भुत असे काही नसे. पटकथाकार डेनिस स्पूनर यांनी ही चौकट मोडली. त्यांच्या भूतकाळात आणखी एक कालप्रवासी आधीच येऊन बसला होता.

३/ योगायोग असा, की दोन्ही शिक्षक याच्या लगतच्या आधीच्या कथेत मालिकेतून निघून गेले होते. त्यामुळे इतिहासाचा धडा आता स्वतः डॉक्टरलाच द्यावा लागतो. विल्यम हार्टनेल यांनी रंगवलेला हा वृद्ध डॉक्टर ईडिथ नावाच्या ग्रामीण स्त्रीच्या घरी पाहुणचार घेतो आणि गप्पांच्या ओघात तिच्याकडून चालू वर्ष काढून घेतो. नवा सहप्रवासी स्टीव्हन मात्र आपण भूतकाळात आलो आहोत, हे मानायलाच तयार नसतो. त्यातच त्याला तेथे एक मनगटी घड्याळ सापडते!

४/ किनाऱ्यावर त्यांना शिंगे असलेले व्हायकिंग शिरस्त्राण मिळते. डॉक्टर ते कालखंडाचा पुरावा म्हणून दाखवतो, पण चूक नेमकी येथेच आहे. व्हायकिंग योद्धे शिंगांची शिरस्त्राणे घालत असल्याचा पुरावा नाही. नॉर्वेत ग्येर्मुन्बू येथे १९४३मध्ये सापडलेले त्या काळचे प्रसिद्ध शिरस्त्राण बिनशिंगाचे आहे. शिंगांची प्रतिमा रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात. १८७६ साली बायरॉइट येथे वाग्नरच्या संगीतनाट्यांसाठी कार्ल एमिल डोप्लर यांनी केलेल्या वेशभूषेचा त्यात मोठा वाटा होता.

५/ आता भिक्षूचा बेत पाहू. हा डॉक्टरच्याच जमातीचा कालप्रवासी आहे. त्याने कामांची चक्क यादी केली आहे : तोफ बसवणे, व्हायकिंग आरमार दृष्टीस पडताच किनाऱ्यावर जाळ पेटवणे, आरमार नष्ट करणे आणि मग हेस्टिंग्जची लढाई. व्हायकिंग आधीच बुडाले, तर इंग्लंडचा राजा हॅरल्ड ताज्या दमाच्या सैन्यानिशी नॉर्मंडीच्या विल्यमला हरवील, असा त्याचा हिशेब आहे. तो कितपत बरोबर होता?

६/ उत्तरासाठी खऱ्या १०६६कडे वळले पाहिजे. ५ जानेवारीला निपुत्रिक राजा एडवर्ड मरण पावला. दुसऱ्याच दिवशी हॅरल्ड गॉडविन्सनचा राज्याभिषेक झाला. विल्यमनेही गादीवर हक्क सांगितला. त्याच्या स्वारीच्या भीतीने हॅरल्ड संपूर्ण उन्हाळा दक्षिण किनाऱ्यावर फौज घेऊन बसला. ८ सप्टेंबरच्या सुमारास शिधा संपला आणि सैनिकांना घरी जाऊ द्यावे लागले.

७/ त्याच सुमारास उत्तरेत नॉर्वेचा राजा हॅराल्ड हारड्राडा सुमारे ३०० जहाजे घेऊन उतरला. तरुणपणी त्याने कॉन्स्टँटिनोपलला बायझंटाइन सम्राटाच्या अंगरक्षक दलात चाकरी केली होती. त्याच्या साथीला इंग्लंडच्या राजाचा सख्खा भाऊ टॉस्टिग होता. २० सप्टेंबरला यॉर्कजवळ फुलफोर्ड येथे त्यांनी उत्तरेकडील सरदारांचे सैन्य मोडले.

८/ इंग्लंडचा हॅरल्ड लंडनहून सुमारे ३०० किलोमीटरची दौड करून यॉर्कला पोहोचला. २५ सप्टेंबरला स्टॅमफर्ड ब्रिज येथे त्याने शत्रूला बेसावध गाठले. हारड्राडा आणि टॉस्टिग दोघेही पडले. उरलेले लोक परत न्यायला केवळ २४ जहाजे पुरली, असे समकालीन इंग्रजी बखर सांगते.

९/ तीनच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, विल्यम दक्षिणेत पेव्हन्सी येथे उतरला. हॅरल्ड पुन्हा धावत दक्षिणेला आला आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळ मारला गेला. ही लढाई जवळजवळ दिवसभर चालली होती. इतक्या अटीतटीच्या झुंजीत फुलफोर्डला मोडलेले सरदार आणि स्टॅमफर्ड ब्रिजला पडलेले योद्धे हाताशी असते तर? युद्धापुरता भिक्षूचा हिशेब अगदीच पोकळ नव्हता.

१०/ त्याची चूक पुढच्या पायरीवर होते. हॅरल्ड जिंकला की युरोपातील युद्धे टळतील, १३२०पर्यंत जेट विमाने उडतील आणि शेक्सपिअर ‘हॅम्लेट’ दूरचित्रवाणीवर सादर करील, असे त्याला वाटते. प्रगती जणू ठरलेल्या वाटेने चालणारी गाडी आहे आणि रस्त्यातला एक धोंडा बाजूला केला की ती भरधाव सुटते! पण छापखाना, दुर्बीण, वाफेचे यंत्र यांच्यामागे अनेक देशांतील असंख्य माणसांचे शतकानुशतकांचे श्रम होते. ते एका राजाच्या विजयाने आपोआप घडत नाहीत.

११/ मराठी वाचकाला हा ‘जर–तर’ नवा नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांवरची गोळी हुकते आणि इतिहासाला वेगळीच वाट फुटते. एका घटनेवर किती गोष्टी टेकलेल्या असतात, हे अशा कथा चटकन दाखवतात. हेस्टिंग्जचेच पाहा. विल्यमच्या विजयाने इंग्लंडच्या राज्यकारभारात फ्रेंच भाषा आली. कोर्ट, जज्ज, अपील हे शब्द तिच्यातून इंग्रजीत आणि पुढे इंग्रजीतून मराठीत आले.

१२/ कथेच्या शेवटी डॉक्टर भिक्षूच्या कालयानातील एक भाग काढून घेतो. यान आतून आक्रसून बाहुलीच्या घराएवढे होते आणि भिक्षू १०६६मध्येच अडकतो. इतिहास सुरक्षित राहिला, प्रेक्षक निश्चिंत झाले. पण सुरक्षित राहिला तो इतिहास कोणता?

१३/ उत्तरेने विल्यमविरुद्ध बंड केले, तेव्हा १०६९–७०च्या हिवाळ्यात त्याने यॉर्कशायर आणि आसपासचा मुलूख उद्ध्वस्त केला. गावे, धान्य, गुरे, अवजारे सारे जाळले. सुमारे अर्ध्या शतकानंतर लिहिणाऱ्या ऑर्डेरिक व्हिटॅलिस या भिक्षूने भूकबळींचा आकडा एक लाखाहून अधिक दिला. आजचे इतिहासकार तो शब्दशः घेत नाहीत. मात्र एरवी विल्यमची प्रशंसा करणाऱ्या ऑर्डेरिकलाही या कृत्याची निंदा केल्यावाचून राहवले नाही. १०८६च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीनपाहणीत यॉर्कशायरमधील कित्येक गावांपुढे ‘ओसाड’ अशी नोंद आहे.

१४/ सुमारे ७० मीटर लांबीच्या बेयोच्या प्रसिद्ध भरतपटावर १०६६ची कथा आहे. तो विजेत्यांचा भरतपट. त्यावर स्टॅमफर्ड ब्रिजची लढाई नाही आणि उत्तरेची राखरांगोळीही नाही. ‘द टाइम मेडलर’ने हेस्टिंग्जऐवजी उत्तरेचा किनारा निवडला, हे तिचे श्रेय. त्या वर्षाचा विस्मृतीत गेलेला अर्धा भाग तिने घराघरांतील मुलांसमोर आणला.

१५/ तरीही डॉक्टरला आसरा देणाऱ्या ईडिथसारख्या माणसांच्या मुलुखावर पुढच्या चारच वर्षांत काय ओढवणार होते, हे कथा सांगत नाही. भिक्षूला रोखणे योग्यच होते. भविष्य आपल्याला कळते, हा त्याचा अहंकार होता. परंतु इतिहास जसा घडला तसा जपणे वेगळे आणि जे घडले ते भल्यासाठीच घडले असे मानणे वेगळे. ही जुनी कथा आज पाहताना ‘ओसाड’ म्हणून नोंदलेली ती गावेही आठवावीत.