ज्ञानभांडार ते सार्वजनिक वाचनालय : एक मागोवा



सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, अशी विश्वस्त मंडळाची आज्ञा झाली. मी कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. इतिहासावर अधिकारवाणीने लिहावे एवढी माझी पात्रता नाही. तथापि ज्या ठाणे शहरात माझे आयुष्य गेले, तेथील सार्वजनिक वाचनालयांचे माझ्यावर मोठे ऋण आहे. त्याची अंशतः तरी नोंद व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

ग्रंथ जपणे ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. जैसलमेरच्या किल्ल्यातील जिनभद्रसूरि ज्ञानभांडार व पाटणची ज्ञानभांडारे यांनी ताडपत्रावरील शेकडो वर्षांपूर्वीच्या पोथ्या परचक्रांतून व कालौघातून वाचविल्या. कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे ज्ञानपंचमीस, आपण ग्रंथांचे पूजन करतो. पावसाळ्यातील दमट हवेनंतर पोथ्या बाहेर काढून झाडाव्यात, त्यांचे वेष्टन बदलावे, हा व्यवहारही या धर्माचरणात सामावलेला आहे. मात्र ही भांडारे प्रामुख्याने साधू-साध्वी व विद्वानांसाठी होती. जो कोणी वर्गणी भरील त्याला ग्रंथ घरी नेता यावा, ही कल्पना महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात रुजली. नाशिक येथे 1840 साली, पुण्यात 1848 साली आणि आपल्या शेजारच्या कल्याणात 1864 साली सार्वजनिक वाचनालये स्थापन झाली.

त्याच 1864 साली मुंबईत एका जैन व्यापाऱ्याने केलेले दान इतिहासात नोंदले गेले आहे. कापसाच्या व्यापारात अमाप संपत्ती मिळविलेले सुरतचे शेठ प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि पाठोपाठ मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्यास त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव देण्यात आले. 1865 साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंदशेठांचे वैभवही त्या मंदीत गेले. 280 फूट उंचीचा तो मनोरा पूर्ण झाला 1878 साली. संपत्ती गेली, दान तेवढे टिकले. आपण सर्वांनी अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु ते ग्रंथालय विद्यापीठाचे. उपनगरातील कारकुनाच्या किंवा गुमास्त्याच्या घरी तेथून पुस्तक येणे शक्य नव्हते.

ते काम ठाण्यासारख्या गावांनीच आपल्यापुरते केले. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास आली आणि ठाणे मुंबईशी जोडले गेले. पुढे 1 जून 1893 रोजी येथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. संस्थापक विनायक लक्ष्मण भावे, ‘महाराष्ट्र सारस्वत’ या वाङ्मयेतिहासाचे कर्ते. त्या वेळी ते विशी नुकतीच ओलांडलेले तरुण होते. इंग्रजी ग्रंथांचा मान मोठा असलेल्या त्या काळात केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करावयाचा, हा संकल्प धाडसाचाच म्हटला पाहिजे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना त्यानंतर, 1898 साली झाली.

माझा वाचनालयाशी संबंध आला तो 1970 नंतरच्या दशकात. आमच्या घरची भाषा गुजराती. वडील पेढीवर, आई घरात. मी शाळेतून येताना आईसाठी वाचनालयातून पुस्तक आणीत असे. प्रारंभी ती एकेक अक्षर लावून वाचायची. दोन-तीन वर्षांत ती शेजारच्या काकूंशी कादंबरीतील पात्रांविषयी वाद घालू लागली. दिवाळी अंकांसाठी नंबर लावावा लागे, आणि अंक परत करण्याची तारीख चुकली की दंडाबरोबर ग्रंथपालांची बोलणीही खावी लागत. सकाळच्या लोकलमध्ये खाकी कव्हर घातलेली वाचनालयाची पुस्तके अनेकांच्या हाती दिसत.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. मी नुकताच पेढीवर बसू लागलो होतो. कोणता माल येणार, कोणते तागे अडणार, हे समजावे म्हणून दुपारी वाचनालयात जाऊन सर्व वर्तमानपत्रे चाळीत असे. त्याच बाकावर संपावर गेलेले कामगारही बसत. बातमी एकच, मला चिंता मालाची, त्यांना चुलीची. एका वृद्ध कामगाराने अंक आधी माझ्याकडे सरकवला व म्हणाला, “शेठ, तुम्ही वाचा, मला घाई नाही.” हे वाक्य मी आजतागायत विसरलेलो नाही. मालक, नोकर, व्यापारी, कामगार एका मेजाशी बसतील अशी दुसरी जागा त्या काळी आमच्या पेठेत नव्हती.

1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार शासकीय अनुदान मिळू लागले. अनुदानाचे व देणगीचे महत्त्व मी व्यापारी असल्याने जाणतो. परंतु दान भिंती उभारते, अनुदान खर्चाला टेकू देते. वाचनालय चालते ते नियमाने पुस्तक बदलणाऱ्या वाचकामुळेच.

आता घरची गोष्ट. आपल्या ट्रस्टच्या वाचनालयाची खोली बंद करून तेथे भांडी व मंडपाचे सामान ठेवावे, असा प्रस्ताव गेल्या वर्षी सभेपुढे आला. हिशेब तपासताना वाचनालयाच्या खर्चापुढे “अनाठायी” असा शेरा मीच मारला होता, हे येथे कबूल करतो. नंतर सहज देवघेवीची वही उघडली. माझ्या नावापुढची शेवटची नोंद अकरा वर्षांपूर्वीची होती. मग अनाठायी खर्च कोणता आणि अनाठायी सभासद कोण, हा प्रश्न मला रात्रभर सतावीत राहिला. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन आलो आणि माझा शेरा मागे घेत असल्याचे मंडळास कळविले.

हातातील मोबाइलवर सर्व काही मिळते, असे तरुण मंडळी म्हणतात. ते खोटे नाही. परंतु मोबाइल कोणी दुसऱ्याकडे सरकवीत नाही. प्रस्तावाचा निर्णय आगामी वार्षिक सभेत व्हावयाचा आहे. तत्पूर्वी प्रत्येक कुटुंबातून निदान एका व्यक्तीने देवघेवीच्या वहीत आपले नाव लिहावे, एवढीच नम्र विनंती. वही भरलेली दिसली, तर खोलीला कुलूप लावण्याचे धैर्य कोणासही होणार नाही.

लिहिण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास अथवा कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.